स्टँडबाय आहे, पण जागा आहे का? वाढवता येणारं स्टोरेज कसं आखायचं

नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, किंवा लोकलमध्ये इयरफोन घरी राहिलाय हे लक्षात येतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातले 'अं' आणि 'तर' थोडे गाळलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. दोन किंवा जास्त सर्व्हर जोडून 'कधीच बंद न पडणारी' सिस्टीम उभी करायची असेल, तर तिचं स्टोरेज कसं आखायचं? आणि उद्या जागा कमी पडली, तर सिस्टीम चालू असतानाच ती वाढवायची कशी? नुकतीच सिस्टीम अ‍ॅडमिनची नोकरी लागलेल्यांना हे लगेच कामाला येईल. बाकीच्यांना निदान एवढं कळेल, की 'सर्व्हर डाउन आहे' या तीन शब्दांमागे काय काय असू शकतं.

जपानमधले १४ कारखाने

सुरुवात एका खऱ्या घटनेपासून करू. २९ ऑगस्ट २०२३. जपानमध्ये टोयोटाच्या १४ कारखान्यांतल्या २८ असेंब्ली लाइन्स थांबल्या. गाड्यांच्या सुट्या भागांच्या ऑर्डरी ज्या सिस्टीमवरून जातात, ती सिस्टीमच चालेना. साहजिकच सगळ्यांना पहिला संशय आला तो हॅकिंगचा.

नंतर कंपनीने स्वतःच खुलासा केला की हा सायबर हल्ला नव्हता. २७ ऑगस्टला नेहमीचं देखभालीचं काम होतं. डेटाबेसमध्ये साठलेला जुना डेटा काढून तो नीट लावायचा होता. ते करतानाच डिस्कवरची जागा संपली आणि सिस्टीम थांबली.

आता पुढचं नीट ऐका, कारण आजचा अख्खा भाग त्यावर उभा आहे. टोयोटाकडे बॅकअपचे सर्व्हर होते की! पण तेही त्याच सिस्टीमवर चालत होते. त्यामुळे तिथेही तीच अडचण आली आणि एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताच आलं नाही. शेवटी जास्त जागा असलेल्या सर्व्हरवर डेटा हलवला आणि दुसऱ्या दिवशी कारखाने सुरू झाले.

म्हणजे बघा, आग नाही, पूर नाही, व्हायरस नाही. जागा संपली, बस. तुमच्या फोनवर 'स्टोरेज फुल' येतं तेव्हा तुम्ही गुड मॉर्निंगचे फोटो उडवून मोकळे होता. इथे मात्र कारखाने थांबले.

दोन प्रती आहेत, म्हणजे दोन्ही एकदम भरणार

आधी 'हाय अव्हेलेबिलिटी' म्हणजे काय ते पटकन बघू. एक सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं, आणि वापरणाऱ्याला फारसं कळूही द्यायचं नाही. पण दुसऱ्याने काम उचलायचं तर त्याच्याकडे तोच डेटा पाहिजे. त्यासाठी रेप्लिकेशन, म्हणजे एका सर्व्हरवर जे लिहिलं जातं ते त्याच वेळी दुसऱ्यावरही लिहायचं.

आज मी उदाहरणाला डीआरबीडी घेते. लिनक्सवर दोन सर्व्हरच्या डिस्क एकमेकींच्या हुबेहूब प्रती ठेवणारं हे सॉफ्टवेअर. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाची लिनबिट ही कंपनी ते सांभाळते आणि २०१० पासून ते लिनक्स कर्नलमध्येच आहे. त्याच्यात 'प्रोटोकॉल सी' नावाची पद्धत असते. दोन्ही सर्व्हरच्या डिस्कवर पोचल्याशिवाय 'लिहून झालं' असं उत्तरच द्यायचं नाही, असा त्याचा नियम. पैशाचा किंवा पेशंटचा डेटा असेल तर बहुतेक वेळा हीच पद्धत निवडतात.

हे रेप्लिकेशन कशापासून वाचवतं? डिस्क मेली, मदरबोर्ड गेला, एका रॅकची वीज गेली, तर दुसरा उभा आहे. आणि कशापासून वाचवत नाही? कोणी चुकून टेबल उडवलं, तर ते दुसरीकडेही त्याच क्षणी उडतं. तसंच जागेचं. एकीकडे ९८ टक्के भरलं असेल तर दुसरीकडेही ९८ टक्केच. गच्चीवरच्या दोन टाक्या खालून पाइपने जोडलेल्या असतील, तर पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखीच राहते. एक भरून वाहायला लागली, तर दुसरी रिकामी सापडेल अशी आशा कशी धरणार?

म्हणून जागा संपणं हा असा बिघाड आहे, ज्याला स्टँडबाय सर्व्हर हे उत्तर नाही. त्याला आधी केलेली आखणी हेच उत्तर आहे. आता ती आखणी करू.

आधी मजले ओळखा

सर्व्हरवरचं स्टोरेज म्हणजे एक सपाट डबा नसतो. ती मजल्यांची इमारत असते. खालून वर मोजू.

तळाला खऱ्या डिस्क. त्यांच्यावर एलव्हीएम, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर. त्याच्यावर डीआरबीडी. त्याच्यावर फाइल सिस्टीम, म्हणजे एक्सटी-फोर किंवा एक्सएफएस. आणि सगळ्यात वर तुमचा डेटाबेस किंवा अ‍ॅप्लिकेशन.

यातला एलव्हीएम नीट समजून घ्या, कारण 'वाढवता येणं' तिथूनच येतं. पोळ्यांसाठी आपण काय करतो? सगळं पीठ परातीत घेऊन एकच कणीक मळतो, मग त्यातून हवे तेवढे उंडे तोडतो. एलव्हीएम तेच करतं. वेगवेगळ्या डिस्क एकत्र मळल्या की होतो व्हॉल्यूम ग्रुप, ही आपली परातीतली कणीक. त्यातून तोडलेला उंडा म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. कणीक कमी पडली तर नवी डिस्क आणून त्याच परातीत मिसळता येते. वरच्या मजल्यांना पत्ताही लागत नाही की खाली एक डिस्क आहे का चार.

एलव्हीएम न वापरता थेट डिस्कच्या पार्टिशनवर डीआरबीडी बसवता येतं का? येतं. पण मग चालू सिस्टीमवर जागा वाढवण्याची वेळ आली की फार ओढाताण होते. म्हणून पहिल्या दिवशीच, डेटा अगदी थोडा असला तरी, मधे एलव्हीएमचा मजला टाकून ठेवा.

सगळी कणीक एकदम लाटू नका

नवीन माणूस सर्व्हर बसवताना हमखास काय करतो? ६ टीबीची जागा आहे ना, मग ६ टीबीचा एकच व्हॉल्यूम करतो. 'नंतर कटकट नको.' वरवर शहाणपणाचं वाटतं, पण आहे उलटंच.

कारण वाढवणं सोपं असतं आणि लहान करणं अवघड. एक्सएफएस फाइल सिस्टीम चालू असताना वाढवता येते, पण ती लहान करायची सोय नाही. डेटा दुसरीकडे काढायचा, नवी लहान फाइल सिस्टीम बनवायची आणि परत भरायचा, हाच काय तो मार्ग. एक्सटी-फोर लहान होते, पण त्यासाठी ती बंद करावी लागते, आणि बंद करायचं म्हणजे हाय अव्हेलेबिलिटीवर पाणी. लाटलेली पोळी काही पुन्हा उंडा होत नाही.

म्हणून आज लागेल तेवढं आणि पुढच्या काही महिन्यांपुरतं लाटा, बाकी परातीत राहू द्या. ती शिल्लक जागा वाया जात नाही. उद्या डेटाचा व्हॉल्यूम वाढवायचा की लॉगचा, हे तुम्हाला तेव्हा ठरवता येतं. बॅकअपआधी एलव्हीएमचा स्नॅपशॉट घ्यायचा झाला तर त्यालाही तीच मोकळी जागा लागते.

आणि हो, डेटा, लॉग आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांचे व्हॉल्यूम वेगळे ठेवा. नाहीतर कुठल्यातरी प्रोग्रामने रात्रभर एररचे लॉग लिहिले की डेटाबेसची जागा तेच खाऊन टाकतात.

आकडेमोड: दोन अलार्म

आता वही काढा, किंवा फोनवर नोट्स उघडा.

समजा, जिल्ह्याच्या ठिकाणचं एक रुग्णालय आहे. एक्स-रे, सीटी स्कॅन, रिपोर्ट, सगळं दोन सर्व्हरच्या क्लस्टरवर. आज डेटा आहे ९०० जीबी आणि रोज ३ जीबीने वाढतो. म्हणजे महिन्याला ९०, वर्षाला जवळजवळ ११०० जीबी. प्रत्येक सर्व्हरवर ६ टीबीची परात आहे. त्यातून आपण १५०० जीबीचा व्हॉल्यूम तोडलाय. शिल्लक ४५०० जीबी.

बहुतेक ठिकाणी अलार्म कसा लावतात? '९० टक्के भरलं की ईमेल.' पण ९० टक्के म्हणजे किती दिवस उरले, हे त्या ईमेलमध्ये कुठे असतं? १०० जीबीच्या डिस्कवर १० टक्के म्हणजे १० जीबी. ६ टीबीवर तेच १० टक्के म्हणजे ६०० जीबी. टक्केवारी एकच, पण हातातली मुदत एकदम वेगळी.

म्हणून मी टक्क्यांऐवजी दिवस मोजते. आणि अलार्म एक नाही, दोन लावते.

पहिला अलार्म व्हॉल्यूमचा. तो वाजला की काय करायचं? परातीतून थोडी कणीक घेऊन व्हॉल्यूम वाढवायचा. कमांडचं काम काही मिनिटांचं, पण परवानगी, रात्रीची वेळ, सुट्टीवर गेलेला सहकारी हे सगळं धरून आठवडा घ्या. रोज ३ जीबी, ७ दिवस, म्हणजे २१ जीबी. त्याच्या दुप्पट, ४२. आणि यात एक मोठी रक्कम मिळवा, ती म्हणजे देखभालीच्या सगळ्यात मोठ्या कामाला तात्पुरती लागणारी जागा. ती १५० जीबी धरली तर सगळी मिळून १९२, म्हणजे साधारण २०० जीबी उरले की पहिला अलार्म.

दुसरा अलार्म परातीचा. तो वाजला की नवीन डिस्क विकत घ्यायच्या. कोटेशन मागवा, मंजुरी घ्या, ऑर्डर द्या, माल येण्याची वाट बघा. समजा, तुमच्या संस्थेत याला ६० दिवस लागतात. ६० गुणिले ३ म्हणजे १८० जीबी, त्याच्या दुप्पट ३६०. व्हॉल्यूममधली आणि परातीतली मोकळी जागा मिळून ३६० जीबीवर आली की डिस्कची ऑर्डर गेलीच पाहिजे.

दुप्पट का? कारण वाढ सरळ रेषेत होत नाही. नवीन सीटी मशीन आलं की रोजचे ३ जीबी रातोरात ८ होतात. म्हणून दर तीन महिन्यांनी रोजच्या वाढीचा आकडा नव्याने काढायचा.

आणि खरेदी नेहमी जोडीने! दोन सर्व्हर आहेत तर दोघांनाही सारखीच डिस्क. डीआरबीडीमध्ये दोघांपैकी ज्याची जागा कमी, तीच सगळ्यांची जागा. एकाला ८ टीबी आणि दुसऱ्याला ६ दिलीत, तर वापरायला मिळणार ६ च. वर्षअखेरीला थोडे पैसे उरले म्हणून एकाच सर्व्हरसाठी डिस्क घेतली, तर ती नुसती बसून राहील.

साफसफाईलाही जागा लागते

ते १५० जीबी कुठून आले? टोयोटाची गोष्ट आठवा. तिथे जुना डेटा काढतानाच जागा संपली. ऐकायला विचित्र वाटतं, कचरा काढताना घर कसं काय भरेल?

पण डेटाबेस तसेच असतात. पोस्टग्रेसमध्ये तुम्ही लाखो ओळी डिलीट केल्यात, तरी फाइलचा आकार लगेच कमी होत नाही. मोकळी झालेली जागा पुढच्या ओळींसाठी आतल्या आत राखून ठेवली जाते. ती खरंच डिस्कला परत हवी असेल तर 'व्हॅक्यूम फुल' चालवावं लागतं, आणि ते अख्खं टेबल नव्या फाइलमध्ये पुन्हा लिहितं. तेवढ्या वेळात जुनं आणि नवं, दोन्ही डिस्कवर. शिवाय डिलीट केलेल्याचाही लॉग लिहिला जातो. म्हणजे माळा आवरायला घेतला की सामान आधी हॉलमध्ये पसरतं, तसंच.

म्हणून तुमचं सगळ्यात मोठं टेबल किती जीबीचं आहे ते बघा. निदान तेवढी जागा, थोडी वरकड धरून, कायम मोकळी पाहिजे. डिस्क काठोकाठ भरल्यावर साफसफाई सुरू करायची नसते.

आणखी एक फसवा प्रकार. पोस्टग्रेसचं स्वतःचं रेप्लिकेशन 'स्लॉट' लावून वापरत असाल आणि जोडीदार सर्व्हर बंद पडला, तर मुख्य सर्व्हर त्याच्यासाठी सगळे लॉग जपून ठेवतो. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. शेवटी बंद पडलेल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या जिवंत सर्व्हरचीच डिस्क भरते. पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून यावर मर्यादा घालायची सेटिंग आली आहे, पण ती आपणहोऊन लागू होत नाही, लावावी लागते.

डीआरबीडीत ही भानगड नसते. जोडीदार नसताना कुठले ब्लॉक बदलले एवढीच खूण ते ठेवतं, ४ केबीच्या ब्लॉकला एक बिट. १ टीबीला साधारण ३२ एमबी. ही मेटाडेटाची जागा बहुतेक वेळा व्हॉल्यूमच्या अगदी शेवटी असते. ती वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवणार असाल, तर आजच्या नव्हे, पुढच्या आकाराच्या हिशोबाने ठेवा.

वाढवायचा क्रम: खालून वर

चला, आता प्रत्यक्ष काम. पहिला अलार्म वाजलाय, व्हॉल्यूम १५०० वरून २५०० जीबी करायचा आहे. सिस्टीम चालू आहे, पेशंट येतायत.

एक, ताजा बॅकअप आहे का बघा. आणि 'आहे' म्हणजे एकदा तरी रिस्टोअर करून बघितलेला.

दोन, दोन्ही सर्व्हर एकमेकांना जोडलेले आहेत आणि दोन्हीकडचा डेटा 'अप टू डेट' आहे याची खात्री करा. जोडीदार आजारी असताना इमारतीवर मजला चढवायचा नाही.

तीन, दोन्ही सर्व्हरच्या परातीत १००० जीबी शिल्लक आहेत का बघा. दोन्ही म्हणजे दोन्ही.

चार, 'एलव्ही-एक्स्टेंड' कमांडने लॉजिकल व्हॉल्यूम वाढवा. आधी स्टँडबायवर, मग मुख्य सर्व्हरवर. दोन्हीकडे एकसारखा आकडा द्या.

पाच, मुख्य सर्व्हरवर 'डीआरबीडी-एडीएम रिसाइज'. आता डीआरबीडीला कळतं की खालचा मजला मोठा झालाय. शेवटी असलेला मेटाडेटा ते नव्या शेवटाला हलवतं आणि नवीन भाग दोन्हीकडे सारखा करायला घेतं.

सहा, तो भाग सारखा होऊ द्या. १ गिगाबिटच्या नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो. म्हणजे १ टीबीला अडीच तास, तेही दुसरं काही चालू नसेल तर. म्हणून दोन सर्व्हरच्या मधली रेप्लिकेशनची तार वेगळी आणि शक्यतो १० गिगाबिटची ठेवा. नाहीतर ओपीडीच्या गर्दीच्या वेळी सगळे स्क्रीन रेंगाळतात आणि शिव्या तुम्हाला पडतात.

सात, सगळ्यात शेवटी फाइल सिस्टीम वाढवा. एक्सटी-फोर असेल तर 'रिसाइज-टू-एफएस', एक्सएफएस असेल तर 'एक्सएफएस-ग्रो-एफएस'. ही कमांड फक्त मुख्य सर्व्हरवर द्यायची. दुसरीकडे ती डीआरबीडीमार्फत आपोआप पोचते, कारण फाइल सिस्टीम म्हणजे शेवटी डिस्कवर लिहिलेला डेटाच.

क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे: एलव्हीएम दोन्हीकडे, डीआरबीडी एकदा, फाइल सिस्टीम एकदा. खालून वर. आणि चौथ्या-पाचव्या पायरीच्या मधे चहाला जाऊ नका, सर्व्हर रीबूट तर अजिबात करू नका. तेव्हा व्हॉल्यूम मोठा झालेला असतो, पण मेटाडेटा अजून जुन्याच जागी असतो.

पहिल्या दिवशीच टाळायचे अडथळे

काही मर्यादा अशा असतात, की त्या तीन-चार वर्षांनी दिसतात, पण ठरतात पहिल्या दिवशी.

जुन्या एमबीआर पद्धतीचं पार्टिशन टेबल नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टीबीच्या पुढे मोजूच शकत नाही. म्हणून जीपीटी वापरा. आज डिस्क १ टीबीची असली तरीही.

एक्सटी-फोर बनवताना ६४ बिटची सोय चालू नसेल, तर ४ केबीच्या ब्लॉकवर ती १६ टीबीला अडते. जुन्या काळच्या फाइल सिस्टीम वारशाने मिळाल्या असतील तर हे आधी तपासा. शिवाय एक्सटी-फोर ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. १००० जीबीत ५० जीबी. 'जागा दिसतेय, पण लिहिता येत नाही' याचं कारण कधीकधी हेच निघतं.

एक्सएफएस अगदी छोटी बनवून पुढे शंभरपट वाढवायचा बेत करू नका. वाढवताना आतले कप्पे सुरुवातीच्याच आकाराचे राहतात, त्यामुळे बारीक बारीक कप्प्यांची संख्या प्रचंड होते आणि वेग मार खातो. पहिला आकार निदान मध्यम तरी ठेवा.

आणि थिन प्रोव्हिजनिंग. यात तुम्ही १० टीबीचा व्हॉल्यूम 'दाखवता', पण खरी जागा असते ४ टीबीची, आणि लिहिलं जाईल तशी ती वापरली जाते. सोय मोठी आहे. पण खरी जागा संपली, की वरच्या फाइल सिस्टीमला अजून ६ टीबी मोकळे दिसत असतात आणि खाली लिहिणं अडतं. लिनक्सच्या एलव्हीएममध्ये नेहमीच्या सेटिंगला असं लिहिणं ६० सेकंद थांबून बघतं, मग एरर येते. आपोआप वाढण्याची सोय आहे, पण मूळ सेटिंगमध्ये ती बंद असते. थिन वापरायचं तर त्या पूलवर, आणि त्याच्या मेटाडेटावरही, वेगळा अलार्म पाहिजेच, आणि दोन्ही सर्व्हरवर पाहिजे.

तीन-चार सर्व्हर असतील तर?

ऐकणाऱ्यांपैकी काही जण सेफ वापरतात. 'सुरक्षित'वालं सेफ नाही हं, सी-ई-पी-एच. त्यात डेटाच्या साधारणपणे ३ प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर पसरलेल्या असतात. वाढवायला हे फारच सोयीचं: नवीन सर्व्हर जोडा, डेटा आपोआप पसरतो.

पण आखणीचा प्रश्न तिथेही आहेच. समजा ४ सर्व्हर, प्रत्येकी १० टीबी, एकूण ४०. तीन प्रती, म्हणजे वापरायला १३ टीबी, असं वाटतं ना? आता एक सर्व्हर गेला असं धरा. उरलेल्या ३० टीबीत सेफ गेलेल्या प्रती पुन्हा तयार करायला लागतं. मूळ सेटिंगला ८५ टक्क्यांवर ते 'भरत आलंय' म्हणून इशारा देतं आणि ९५ टक्क्यांवर लिहिणं थांबवतं. ३० चे ८५ टक्के म्हणजे २५.५, भागिले ३, झाले ८.५ टीबी. म्हणजे ४० टीबी विकत घेऊन निर्धास्तपणे भरायचे ८.५. साहेबांना हा आकडा खरेदीच्या आधी सांगा, नंतर सांगितलात तर 'बाकीचे कुठे गेले?' असं विचारतील.

रंगीत तालीम

हे सगळं घरी करून बघता येतं. लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन, प्रत्येकाला ५ जीबीच्या दोन-दोन डिस्क. एलव्हीएम, डीआरबीडी, एक्सटी-फोर लावा. एका विंडोत सतत फाइल लिहिणारा छोटा प्रोग्राम चालू ठेवा आणि दुसऱ्या विंडोत आत्ता सांगितलेल्या सात पायऱ्या करा. लिहिणं थांबलं नाही तर जमलं.

मग मुद्दाम उचापती करा. रिसाइज चालू असताना नेटवर्क तोडा. एकाच बाजूचा व्हॉल्यूम वाढवून बघा. डिस्क मुद्दाम काठोकाठ भरा आणि स्टँडबायवर जायचा प्रयत्न करा. स्टँडबाय मुख्य होतो, मोठ्या आत्मविश्वासाने उभा राहतो, आणि पहिलंच लिहिणं आलं की सांगतो, जागा नाही. पुस्तकातलं शंभर वेळा वाचण्यापेक्षा हे एकदा स्क्रीनवर बघा.

खऱ्या क्लस्टरवर काम झाल्यावर एक शेवटची गोष्ट: ठरवून, शांत वेळेत, काम दुसऱ्या सर्व्हरवर हलवून बघा. वाढलेली जागा तिकडूनही नीट दिसते का, डेटाबेस सुरू होतो का. हे झालं की मगच काम संपलं असं वहीत लिहा.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. सोमवारी ऑफिसला गेलात की तीन आकडे शोधा. आपला डेटा रोज किती वाढतो? नवीन डिस्क ऑर्डर केल्यापासून सर्व्हरमध्ये बसेपर्यंत किती दिवस लागतात? आणि आपलं सगळ्यात मोठं टेबल किंवा सगळ्यात मोठं देखभालीचं काम किती जागा मागतं? हे तीन आकडे मिळाले की दोन्ही अलार्म तुमचे तुम्हीच काढू शकता. आणि ऑफिसात कोणालाच ते माहीत नसतील, तर शोधायचं काम तुम्हीच अंगावर घ्या.

पुढच्या भागात बोलू दोन सर्व्हरचं एकमेकांशी बोलणं तुटलं आणि दोघंही स्वतःला मुख्य समजायला लागले तर काय होतं, त्या 'स्प्लिट ब्रेन'बद्दल. तोपर्यंत हा भाग त्या मित्राला पाठवा, ज्याच्या फोनमध्ये कायम शेवटचे २०० एमबी उरलेले असतात. भेटू मंडळी!